भिंतीतला खिळा आणि वर्गातला मोबाइल

१९७३ साली पेरूमध्ये साक्षरता मोहीम सुरू होती. लिमा परिसरातल्या गरीब वस्त्यांमध्ये शिकणाऱ्यांच्या हाती साधे कॅमेरे देण्यात आले. शिक्षकांनी प्रश्न विचारायचा आणि उत्तर फोटोतून द्यायचं. 'शोषण म्हणजे काय?' या प्रश्नावर कुणी दुकानदाराचा फोटो आणला, कुणी घरमालकाचा. एका मुलाने मात्र भिंतीत ठोकलेल्या खिळ्याचा फोटो आणला.

मोठ्यांना अर्थ लागेना. पोरांना तो तत्काळ पटला. बूटपॉलिश करणारी ही मुलं लांबच्या वस्तीतून शहरात कामाला येत. जड पेटी रोज वागवायला नको म्हणून रात्री ती दुकानातल्या खिळ्याला अडकवून जात आणि त्या खिळ्याचं भाडं भरत! शिक्षणतज्ज्ञ पाऊलो फ्रेरे यांच्या विचारांवर आखलेल्या या मोहिमेची हकिगत रंगकर्मी ऑगस्तो बोआल यांनी लिहून ठेवली आहे.

पुढे नव्वदच्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी चीनच्या युनान प्रांतात ६२ ग्रामीण स्त्रियांना कॅमेरे दिले आणि 'फोटोव्हॉइस' ही पद्धत घडवली. फोटोभोवती बसून पाच प्रश्न घ्यायचे: इथे काय दिसतं? खरं काय घडतंय? आपल्या जगण्याशी त्याचा काय संबंध? हे असं का आहे? आपण काय करू शकतो?

ही पद्धत आपल्या वर्गातही वापरता येईल. तिथे चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कचऱ्याचा ढीग दाखवून 'लोक घाण करतात' म्हणणं सोपं. घंटागाडी याच गल्लीत का येत नाही, हे विचारलं की विद्यार्थी खऱ्या अर्थाने विचार करू लागतो.

त्या काळी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये मोजकेच फोटो निघत, त्यामुळे निवड आपोआप व्हायची. आता मोबाइलवर शंभर फोटो फुकट निघतात आणि एकही नीट पाहिला जात नाही. म्हणून शिक्षकांनीच मर्यादा घालावी: पाच फोटो काढा, एक ठेवा, तोच का ठेवला ते चार ओळींत लिहा. प्रत्येकाकडे फोन हवा असंही नाही, चौघांत एक पुरतो. आपल्याकडच्या 'परिसर अभ्यासा'ला तर हा उपक्रम चपखल बसेल. 'आपल्या गल्लीत पाणी कुणाच्या वेळेनुसार येतं?' एवढा प्रश्नही सुरुवातीला पुरे.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळायला हवं. माणसाचा फोटो त्याला विचारूनच काढावा, आणि कुणाची गरिबी दाखवणारं चित्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नये. कॅमेरा सुरू करण्याआधी शिक्षकांनी पहिला तास यासाठीच राखून ठेवावा.