जहाजाखालचें पाणी

गेल्या वर्षीं शाळेच्या प्रदर्शनांत नववीच्या विद्यार्थ्यांनीं ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेचा लाकडी नमुना मांडला होता. हें जहाज मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्यांतील कुशल बांधणाऱ्यांनीं सागवानाचें बांधलें, १८१७ सालीं पाण्यांत सोडलें, व आजहि तें इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. मुलांनीं दोरखंड, डोलकाठ्या व शिडें यांवर चार महिने खर्च केले. समुद्रावर मात्र एकच दुपार. प्रदर्शनास आलेल्या एका पालकांनीं (ते पूर्वीं आगबोटीवर सारंग होते) नमुना न्याहाळून एवढेंच विचारलें, “मास्तर, वारा कोणीकडचा हो?” शिडें पुढें फुगलीं होतीं, म्हणजे वारा मागून येत होता, निशाण मात्र मागेंच फडकत होतें! मुलें गोरींमोरीं झालीं, व आम्हीहि. यंदा तोच नमुना पुन्हा करावयाचा आम्हीं ठरविलें. त्या खटाटोपांत जें शिकलों तें येथें देत आहों.

प्रथम प्रमाण. आमचा नमुना मूळ जहाजाच्या दोनशेंव्या हिश्शाचा. ४६ मीटरांचें जहाज २३ सेंटिमीटरांचें झालें. पहिल्या खेपेस शोभा यावी म्हणून मुलांनीं लाटा दोन इंच उंच केल्या होत्या. दोन इंचांस २०० नीं गुणिलें तर उंची १० मीटरांवर जाते. एवढ्या वादळांत कोणता कप्तान सगळीं शिडें उभारील? साध्या वाऱ्यांतील दीड-दोन मीटरांची लाट आमच्या फळीवर एक सेंटिमीटरहून उंच नको. शिवाय लाटेची उंची तिच्या लांबीच्या सातव्या हिश्शापलीकडे गेली कीं ती फुटते. तेव्हां सुळक्यांसारख्या लाटा निसर्गांत टिकतच नाहींत.

जहाज स्वतःहि लाटा उठवितें. खोल पाण्यांत १० नॉट, म्हणजे सेकंदास सुमारें ५ मीटर, वेगानें जाणाऱ्या जहाजाबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी सुमारें १७ मीटर असते. वेग दुप्पट झाल्यास लांबी चौपट होते. म्हणून आमच्या जहाजाच्या अंगालगत साडेआठ सेंटिमीटर अंतरानें हलके फुगवटे दिले. मागें पाचरीसारखे पसरणारे तरंग पाहून मुलें वाटेल तसा कोन काढतात. पण लॉर्ड केल्व्हिन यांनीं १८८७ सालीं दाखविलें कीं, खोल पाण्यांत हा कोन मध्यरेषेच्या प्रत्येक बाजूस सुमारें साडेएकोणीस अंशांचा असतो, मग वेग कांहींहि असो. तळ्यांतील बदकाच्या मागेंहि तोच कोन! कोनमापक लावून फळीवर रेघा ओढतांना त्या दिवशीं भूमिति कोणास कंटाळवाणी वाटली नाहीं.

आतां साहित्य. पारदर्शक रेझिन ओतावें, हा मोह आम्हांसहि झाला. पण रेझिन घट्ट होतांना तापतें, व जाड थर एकदम ओतल्यास तडकतें. आमचें तसेंच झालें, व त्या पायीं एक लहान नौका फुकट गेली. ओलें रेझिन त्वचेस अपायकारक असल्यामुळें तें लहानांच्या हातीं देऊं नये हें निराळेंच. आणि खुल्या समुद्रास त्याची गरजहि नाहीं, कारण तेथें तळ दिसतच नाहीं; दिसतो तो पृष्ठभाग.

प्लायवुडच्या फळीस आधीं व्हार्निश द्यावें, नाहींतर ओलाव्यानें ती वाकते. तीवर प्लास्टर ऑफ पॅरिस थापून, तें मऊ असतांनाच पातळ प्लास्टिकमध्यें गुंडाळलेलें जहाज पाणरेषेपर्यंत दाबावें. प्लास्टर आवळूं लागतांच जहाज उचलावें, म्हणजे नेमकी खोबण तयार होते. लाटा चमच्याच्या पाठीनें द्याव्या. सर्व वाळल्यावर सुताराच्या पांढऱ्या गोंदांत भिजविलेला टिश्यू कागद वर पसरावा. त्याच्या सुरकुत्या झुळकेनें उठणाऱ्या बारीक तरंगांसारख्या दिसतात.

रंगाची वेळ येतांच सर्वांचा हात निळ्या बाटलीकडे जातो. समुद्राचा निळेपणा म्हणजे केवळ आकाशाचें प्रतिबिंब, अशी समजूत होती. १९२१ सालीं विलायतेहून परततांना सी. व्ही. रामन यांनीं ‘नर्कुंडा’ जहाजावरून निरीक्षण केलें, व पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात असें मत मांडणारें टिपण मुंबई बंदरांतून ‘नेचर’ नियतकालिकास धाडलें. हा निळेपणा खोल, स्वच्छ पाण्याचा. मुंबईच्या किनाऱ्याजवळ गाळामुळें पाणी हिरवट-मातकट असतें. आमची ‘त्रिंकोमाली’ नुकतीच बंदराबाहेर पडत असल्यामुळें आम्हीं तोच रंग घेतला. लाटेचा माथा पातळ असतो, म्हणून तेथें रंग फिका, खोलगटांत गडद. शेवटीं चकचकीत व्हार्निशचे पातळ थर, एक पूर्ण वाळल्यावरच दुसरा. चकाकी पांढऱ्या रंगानें काढूं नये. ती खिडकींतला उजेड आपण होऊन देतो.

फेस मात्र कोरड्या कुंचल्यानें, नाळेपाशीं, अंगालगत व मागच्या वाटेवर. निशाण अर्थात् पुढें वळविलें.

यंदा ते सारंगकाका पुन्हा आले. बराच वेळ वांकून पाहात राहिले. मग मुलांकडे वळून म्हणाले, “वारा बरोबर आहे रे पोरांनो. फेस थोडा कमी करा.”