पटावरील मुलें आणि वर्गांतील मुलें

मुरुड म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें कोंकणांतील जंजिऱ्याजवळचें गांव येतें. येथें अभिप्रेत आहे तें लातूराहून बार्शीकडे जाणाऱ्या मार्गावरील मुरुड. निजामी अमदानींत या भागांतील सरकारी शाळांच्या तहतानिया, वस्तानिया व फोकानिया अशा पायऱ्या असत, आणि वरच्या वर्गांत माध्यम उर्दू असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं ती राजवट संपली. १९६२ सालीं जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर त्या शाळांचा कारभार त्यांच्याकडे गेला. वस्तानियाच्या जागीं आतां सहावी ते आठवी हे वर्ग आहेत. मुख्याध्यापकांपुढील प्रश्न मात्र जुनाच आहे: वर्गांत मुलें किती, आणि शिकविणारे किती?

१ एप्रिल २०१० पासून अमलांत आलेल्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानें या वर्गांसाठीं उत्तर दिलें आहे: दर ३५ मुलांमागें किमान एक शिक्षक, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रें व भाषा यांसाठीं प्रत्येकी एक. पण सरासरी हें फसवें माप आहे. समजा, तीन वर्गांत मिळून १०५ मुलें व तीन शिक्षक आहेत. कागदावर प्रमाण निर्दोष. परंतु सहावींत ५५, सातवींत ३० व आठवींत २० अशी वांटणी असेल, तर चाळीस मिनिटांच्या तासांत आठवीच्या मुलास दोन मिनिटें मिळतात, सहावीच्या मुलास पाऊण मिनिटही नाहीं.

दुसरा दोष पटाचाच. पट फुगला कीं शिक्षकांचीं पदें वाढतात, म्हणून खोटीं नांवें चढविण्याचा मोह होतो. नांदेडचे तेव्हांचे जिल्हाधिकारी डॉ. श्रीकर परदेशी यांनीं आपल्या जिल्ह्यांत पटपडताळणी केली. त्या धर्तीवर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या दिवसांत ती राज्यभर झाली. एकच मूल दोनदां मोजलें जाऊं नये म्हणून बोटास शाई लावण्यांत आली. पटावरील सुमारें २० लक्ष मुलें वर्गांत आढळलीं नाहींत.

परंतु न दिसणारें प्रत्येक मूल खोटें नसतें. पदें ठरविण्यास ३० सप्टेंबरची पटसंख्या धरण्याची रीत आहे. गळीत हंगाम त्यानंतर सुरू होतो, आणि मराठवाड्यांतील ऊसतोड कुटुंबें कोयते घेऊन बाहेर पडतात. सप्टेंबरांत पाढे म्हणणारें मूल पौषांत फडावर धाकट्या भावंडास सांभाळीत असतें. त्याचें नांव खरें, रिकामी जागाही खरी. हंगामी वसतिगृहांची योजना अशाच मुलांसाठीं आहे. ती नीट चालली, तर तें मूल गांवींच राहून शिकूं शकतें.

आपल्यासारख्या सुशिक्षित घरांचाही यांत वांटा आहे. आपलीं मुलें दुसरीकडे गेलीं कीं पट उतरतो, पट उतरला कीं शिक्षक कमी होतात, आणि मग उरलेलीं मुलेंही पाय काढतात. शाळा व्यवस्थापन समितींत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत व एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा कायदा आहे. ज्यांचीं नातवंडें तेथें असतील त्या घरांतील मातांनीं त्या जागा रिकाम्या ठेवूं नयेत. ज्यांचीं नसतील त्यांनीं निदान जातां-येतां शाळेच्या फळ्यावरील हजेरीचा आंकडा वाचावा, आणि पटापेक्षां तो कमी दिसल्यास आपुलकीनें विचारावें: बाकीचीं मुलें कोठें आहेत?