गोटी पडली, घंटा वाजली

गांबियात मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकल आणायला मनाई असते. कारण ऐकलं की आधी हसू येतं: सायकलची घंटी मतासारखी वाजते.

मत तिथे ऐकू येतं. बोटाला शाई लावून झाली की मतदाराच्या हातावर काचेची एक गोटी ठेवतात, आपण लहानपणी धुळीत खेळायचो तसलीच. ती मुठीत धरून तो आडोशामागे जातो. तिथे उमेदवारागणिक एक पत्र्याचं पिंप. पिंपाला पक्षाचा रंग, वर उमेदवाराचा फोटो आणि चिन्ह. माथ्यावरच्या नळीत गोटी सोडायची. ती घरंगळत आतल्या घंटेवर आपटते, ठण्ण! बाहेर अधिकारी आणि पक्षांची माणसं कान लावून बसलेली असतात. एकदा वाजलं, मत पडलं. दुसऱ्यांदा वाजलं, तर कुणीतरी खिशातून आणखी एक गोटी घेऊन आलंय. तळाशी वाळू नाहीतर लाकडाचा भुसा पसरलेला असतो, म्हणजे आधीच्या गोट्यांवर पडून खडखडाट होत नाही. ज्यानं कुणी हा भुसा सुचवला, त्याला मी घंटेच्या शोधकापेक्षा मोठा मानतो.

मोजणीही अशीच. लाकडी फळीवर 200 किंवा 500 खळगे कोरलेले; पिंप उघडून गोट्या त्यात बसवायच्या. फळी भरली की नाही, हे पाहायला पाढे यावे लागत नाहीत.

सेनेगलच्या पोटात नदीच्या दोन्ही काठांनी शिरलेली एक चिंचोळी पट्टी म्हणजे गांबिया. वस्ती जेमतेम 24 लाख. 1960च्या दशकात, बहुसंख्य मतदारांना लिहितावाचता येत नव्हतं तेव्हा, ही पद्धत आली. आपल्याला ती अगदीच परकी वाटायला नको. 1951-52च्या आपल्या पहिल्या निवडणुकीत दर उमेदवाराची पेटी वेगळी होती. कोऱ्या मतपत्रिकेवर खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकायची. त्यासाठी लाखो पेट्या विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. पुढे आपण शिक्क्याकडे वळलो, मग यंत्राकडे. गांबिया पिंपांपाशीच राहिला. उमेदवार वाढले की पिंपं वाढतात, ती रंगवायची, वाहून न्यायची, त्यामुळे कागदी मतपत्रिकेची चर्चा तिथे अधूनमधून उठते.

मताला अक्षर लागत नसलं, तरी वर्तमानपत्राला लागतं, आणि गांबियातली वर्तमानपत्रं इंग्रजीत निघतात. राजधानी बांजुलच्या सिटिझन एफएम या रेडिओ केंद्रानं त्यावर उपाय काढला होता: पेपरातल्या बातम्या वोलोफ आणि मांडिंका या स्थानिक भाषांत सांगायच्या. सरकारनं ते केंद्र बंद पाडलं. छापलेल्या पेपराची जेवढी भीती नव्हती तेवढी ऐकलेल्या पेपराची होती, असं मला वाटतं. अर्थात छापणाऱ्यांचीही सुटका नव्हती. 1994मध्ये बंड करून सत्ता घेतलेल्या याह्या जामेच्या राजवटीत ‘द पॉइंट’चे संपादक देयदा हायदारा यांची कार्यालयातून घरी जाताना गोळ्या घालून हत्या झाली. तारीख 16 डिसेंबर 2004. त्याच दिवशी पेपराला 13 वर्षं पूर्ण झाली होती. दोनच दिवसांपूर्वी संमत झालेल्या पत्रकारांविरुद्धच्या कायद्यांना त्यांचा जाहीर विरोध होता. खुनात सामील असलेल्या एका सैनिकानं 2019मध्ये सत्यशोधन आयोगापुढे कबुली दिली, आणि 2023मध्ये जर्मनीतल्या न्यायालयानं मारेकरी टोळीच्या एका चालकाला जन्मठेप सुनावली.

देवाची इच्छा असेल तर अब्ज वर्षं राज्य करीन, असं म्हणणारा हा जामे 1 डिसेंबर 2016ला पुन्हा निवडणुकीला उभा राहिला. समोर अदामा बॅरो आणि मामा कांदे. म्हणजे केंद्रावर पिंपं तीनच. मतदानाच्या तोंडावर इंटरनेट आणि परदेशी फोन बंद झाले. पण पिंपाला तार जोडलेली नसते. शिवाय या वेळी मोजणी केंद्रावरच झाली, सगळ्यांसमोर, त्यामुळे वाटेत पिंपं बदलायला वावच उरला नाही. बॅरो जिंकले. जामेनं चक्क फोनवर त्यांचं अभिनंदन केलं.

मग माशी शिंकली, तीही कागदावर. निवडणूक आयोगानं 5 तारखेला कळवलं की आकड्यांच्या बेरजेत चूक झाली होती. 51 हजारांची आघाडी 19 हजारांवर आली: बॅरो 2,27,708, जामे 2,08,487. निकाल बदलला नाही, पण जामेला निमित्त मिळालं. 9 तारखेला त्यानं निकाल मानायला नकार दिला. बॅरो यांचा शपथविधी 19 जानेवारी 2017ला सेनेगलमध्ये, डाकारच्या गांबियन वकिलातीत उरकावा लागला. शेजारी देशांचं सैन्य सरहद्द ओलांडून आत आलं आणि 21 तारखेला जामे विमानात बसला.

डिसेंबर 2021मध्ये पुन्हा मतदान झालं. उमेदवार सहा, पिंपं सहा, आणि यादीत जामे नव्हता. मतदारांना हातात देण्यासाठी याही वेळी गोट्याच काढल्या होत्या.