चित्रपट निवडण्याची विद्या

सिनेमा पाहायला कोणाला शिकवावे लागत नाही. तिकीट काढले, अंधारात जाऊन बसले, की झाले. पण आपण कोणता सिनेमा पाहावा, हे ठरवतो कोण? पूर्वी ते वितरक ठरवीत. आज हातातल्या मोबाइलवर कुठल्याशा कंपनीचे यंत्र ठरवते. ही निवड प्रेक्षकांनीच करावी, हा विचार ज्या चळवळीने रुजवला, तिचे नाव फिल्म सोसायटी.

आपल्या देशात ही चळवळ तरुणांनीच वाढवली. 1947 साली कलकत्ता फिल्म सोसायटी निघाली, तेव्हा तिच्या संस्थापकांपैकी एक असलेले सत्यजित राय अवघे सव्वीस वर्षांचे होते. ‘पथेर पांचाली’ त्यानंतर आठ वर्षांनी आला. 1959 मध्ये अशा सोसायट्यांचा देशव्यापी महासंघ झाला. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि जुन्या चित्रपटांच्या प्रती जपल्या जाऊ लागल्या. मुंबईत 1968 साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले.

हे सारे शहरांचे झाले; जंगलातल्या तालुक्यात हे कसे जमावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर आपल्या जिल्ह्याच्या सीमेपलीकडेच आहे. सागर तालुक्यातील हेग्गोडू या खेड्यात के. व्ही. सुब्बण्णा यांच्या ‘नीनासम्’ या नाट्यसंस्थेने 1973 मध्ये चित्रसमाज स्थापन केला. शेतकऱ्यांनी आणि सुपारीच्या बागांत राबणाऱ्यांनी तेथे राय आणि कुरोसावा यांचे चित्रपट पाहिले. पुढे रसास्वादाची शिबिरे भरली. ‘खेड्यातल्या माणसाला हे कळणार नाही’ हा समज हेग्गोडूने खोटा ठरवला. सुब्बण्णांना 1991 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता निवड म्हणजे नेमके काय, ते पाहू. चांगले म्हणून गाजलेले चार चित्रपट एकामागून एक लावले, म्हणजे निवड होत नाही. प्रथम एक प्रश्न हवा. मग त्या प्रश्नाकडे निरनिराळ्या बाजूंनी पाहणारे चित्रपट शोधायचे. एक चित्रपट दुसऱ्याला उत्तर देईल, असा त्यांचा क्रम लावायचा. हक्कधारकांची परवानगी घ्यायची, खेळापूर्वी पाच मिनिटांची ओळख करून द्यायची आणि खेळानंतर चर्चा घ्यायची. या चर्चेवाचून सोसायटी म्हणजे केवळ फुकटचे थिएटर!

उदाहरणार्थ, आपल्या जोयड्याचाच प्रश्न घेऊ. काळी नदीवर सूपा धरण झाले आणि जुने सूपा गाव पाण्याखाली गेले. ‘धरण आणि घर’ या विषयावर चार दिवसांचा कार्यक्रम सहज आखता येईल. पहिल्या दिवशी गिरीश कासरवळ्ळी यांचा कन्नड ‘द्वीप’ (2002) : गाव उठून जाते, पण डोंगरावरचे एक कुटुंब चढत्या पाण्यात मागे राहते. दुसऱ्या दिवशी एलिया कझान यांचा अमेरिकन ‘वाइल्ड रिव्हर’ (1960) : नदीतल्या बेटावरची म्हातारी जमीन सोडत नाही आणि तिची समजूत घालायला तरुण सरकारी अधिकारी येतो. तिसऱ्या दिवशी आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा अनुबोधपट ‘नर्मदा डायरी’ (1995). शेवटी जिया झांगके यांचा चिनी ‘स्टिल लाइफ’ (2006) : बुडू घातलेल्या शहरात दोन माणसे आपापल्या दुरावलेल्या जोडीदारांचा शोध घेत फिरतात.

पहिले दोन चित्रपट लागोपाठ पाहिले, की कर्नाटकातला म्हातारा आणि अमेरिकेतली म्हातारी एकमेकांचे शेजारी वाटू लागतात. ‘वाइल्ड रिव्हर’मधला अधिकारी दुष्ट नाही, धरणाने पूर आवरतो, वीज येते, हेही खरे आहे. मग न्याय कोणता? अशा खेळाला ज्यांचे घर बुडाले तेही येतील आणि वीजकेंद्रात नोकरी केलेलेही येतील. चर्चा मराठीत होईल, कन्नडमध्ये होईल, कोकणीतही होईल. मते जुळणार नाहीत. ती जुळावीत असा हट्टही नको.

याला लागते काय? एक प्रोजेक्टर, पांढरी भिंत, बरा ध्वनिक्षेपक आणि वाद घालायला तयार असलेले पाचसात विद्यार्थी. यांतले शेवटचे तर कोणत्याही महाविद्यालयात विपुल असतात!