एका आकड्यावर निकाल नको

संगणकावरच्या बेसबॉल लीगमध्ये एखादा फलंदाज पंधरा दिवस चालला नाही, की त्याला वगळायला संघचालकाचे हात शिवशिवतात. जरा गणित करू. १०० संधींत सरासरी २७ हिट घेणाऱ्याला ५० संधींत १३-१४ मिळायला हवेत. पण निव्वळ योगायोगाने १० वर अडकणं नेहमीचंच. ५०० संधींत १०० वरच थांबला, तर मात्र बदला. दुखापत किंवा उतरतं वय दिसत असेल, तर एवढंही थांबू नका.

आमच्या ओपीडीतही तेच. बीपी एकदा जास्त आलं, की रुग्ण गोळी बदलून मागतो. मी पुन्हा मोजतो, घरच्या आठवडाभराच्या नोंदी पाहतो. लागू पडलेली गोळी घाईने बदलली, तर नुकसान रुग्णाचंच. छातीत दुखत असेल, तर मात्र नोंदींची वाट पाहायची नाही.