नारूचा पाठलाग

बारवेच्या पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभे राहून घागर बुडवून घेण्याची चाल आपल्या कोरडवाहू मुलुखात किती जुनी आहे हे कोणी सांगावयास नको. परंतु त्याच पाण्यातून आणि त्याच पायांवाटे नारू नावाची एक व्याधी पिढ्यानुपिढ्या गावात नांदत आली होती, हे मात्र आजच्या तरुण वाचकास बहुधा ऐकूनही ठाऊक नसेल. हे विस्मरण म्हणजे एका दीर्घ आणि चिवट उद्योगाचे फळ होय, आणि तो उद्योग जगाच्या पाठीवर अद्याप संपलेला नाही.

नारूची मादी शेवईएवढी जाड आणि सुमारे हातभर ते मीटरभर लांब असते. तिची पिल्ले पाण्यातील सायक्लॉप्स नामक अतिसूक्ष्म जीवाच्या पोटात वाढतात. ते पाणी न गाळता पिणाऱ्या माणसाच्या जठरात सायक्लॉप्स मरतो, पिल्ले मोकळी होतात, आणि मादी कातडीखालून सरकत सरकत सुमारे एक वर्षाने बहुधा पायाच्या नळीपाशी येऊन ठेपते. तेथे फोड येतो, पायाची आग आग होते, रोगी साहजिकच गार पाण्यात पाय सोडून बसतो, आणि त्याच क्षणाची वाट पाहत असल्याप्रमाणे मादी लाखो पिल्ले त्या पाण्यात सोडून मोकळी होते. १८७० साली फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने तुर्कस्तानच्या प्रांतात सायक्लॉप्सचा हा वाटा उघड केला; पण रोगाचे मर्म कळले म्हणून त्यावर औषध सापडले असे झाले नाही. आजही यावर औषध नाही, लस नाही, आणि एकदा रोग होऊन गेल्याने पुढल्या वर्षी अभय मिळते असेही नाही. बाहेर आलेले टोक काडीला गुंडाळून रोज बोट-दोन बोटे ओढीत राहावयाचे, मध्येच तुटले तर सूज आणि पू सोसावयाचा, हा हजारो वर्षांचा इलाज तसाच चालू आहे. रोगी सहसा मरत नाही. पण ऐन पेरणीच्या वा कापणीच्या दिवसांत घरातला कर्ता माणूस आठवडेच्या आठवडे अंथरुणाला खिळतो, आणि त्या वर्षीची भाकरी हातची जाते.

आता आंतरराष्ट्रीय सहकार्याचा इतिहास पाहू गेल्यास एक बोचरी गोष्ट ध्यानात येते. पटकीच्या भयाने युरोपातील राष्ट्रांनी १८५१ सालीच पॅरिस येथे आरोग्यपरिषद भरविली आणि पुढे अर्धशतकभर बंदरे, जहाजे, हाजचे यात्रेकरू आणि सुएझचा कालवा यांच्या बंदोबस्तासाठी वाटाघाटींवर वाटाघाटी केल्या. कारण पटकी जहाजात बसून श्रीमंतांच्या दारी जाऊ शकत होती. नारूने कोणाच्याही बंदराला धोका पोचविला नाही. तो ज्या गावी पाणी गढूळ त्या गावीच राहिला, आणि म्हणून कोणत्याही दरबारी त्याची दाद लागली नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगाने त्याच्या निर्मूलनाचा विडा उचलला तो भयापोटी नव्हे, हे मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत विलक्षण वाटते.

निमित्त झाले ते संयुक्त राष्ट्रांनी १९८१ पासून जाहीर केलेल्या पेयजल-दशकाचे. शुद्ध पाणी खरोखर गावात पोचले की केवळ दप्तरात पोचले, हे ओळखण्यास नारूइतकी चोख खूण दुसरी नाही. कारण तो पिण्याच्या पाण्यावाचून दुसऱ्या वाटेने सहसा येत नाही. १९८६ साली जागतिक आरोग्य परिषदेने त्याच्या उच्चाटनाचा ठराव संमत केला. त्या वर्षी आशिया व आफ्रिकेतील २१ देशांत मिळून सुमारे ३५ लाख रोगी असावेत असा अंदाज होता. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने त्याच वर्षी हे काम अंगावर घेतले, आणि त्यांची पहिली मोहीम पाकिस्तानात झाली; त्या देशातील शेवटचा रोगी १९९३ साली नोंदला गेला.

भारताने मात्र ठरावाची वाट पाहिली नव्हती. दिल्लीच्या राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्थेच्या देखरेखीखाली आपला कार्यक्रम त्याआधीच सुरू झाला होता, आणि महाराष्ट्र, राजस्थान, मध्यप्रदेश, गुजरात, आंध्र, कर्नाटक या राज्यांत मिळून १९८४ साली सुमारे चाळीस हजार रोगी मोजले गेले. कर्मचारी घरोघर हिंडून पाय तपासू लागले. बारवांच्या पायऱ्या बुजवून, भोवती कठडा बांधून, पाणी दोरीने शेंदण्याची सोय झाली. जेथे ते जमले नाही तेथे औषध टाकून सायक्लॉप्स मारण्यात आले आणि हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडके बांधण्याचा प्रचार झाला. शतकानुशतके उतरत आलेली पायरी सिमेंटने बंद होताना गावकऱ्यांनी निमूट पाहिले असेल असे मला वाटत नाही. विहीर ही नुसती पाण्याची जागा नसते. शेवटचा रोगी जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचा दाखला मिळाला.

हा दाखला सहजासहजी मिळत नाही. शेवटच्या रोग्यानंतर लागोपाठ तीन वर्षे एकही रोगी नाही एवढे सांगून भागत नाही. त्या तीन वर्षांत आपण खरोखर शोधत होतो, हे परक्या तज्ज्ञांच्या तपासणीत सिद्ध करावे लागते. म्हणून या मोहिमेचे खरे हत्यार खबर हेच ठरले. रोगी चोवीस तासांच्या आत सापडला पाहिजे, त्याने त्यापूर्वी पाण्यात पाय घातलेला नसावा, जखम धुऊन पट्टी बांधली जावी, आणि वरिष्ठाने सात दिवसांत जातीने खातरजमा करावी, तरच तो रोगी ‘आवरला’ असे दप्तरी लिहावयाचे. खबर देणाऱ्यास रोख इनाम मिळते. वैद्यकाच्या इतिहासात इतकी कारकुनी काटेकोरपणाने वापरल्याचे उदाहरण विरळा.

जेथे खबरच पोचू शकत नाही तेथे मात्र मोहीम पांगळी होते. १९९५ साली सुदानच्या यादवी युद्धात कार्टर यांच्या मध्यस्थीने जवळजवळ सहा महिन्यांचा तह झाला, आणि त्या मुदतीत नारूच्या कामाला वाट मिळाली. दोन्ही पक्षांनी बंदुका खाली ठेवल्या त्या गाळणीच्या कापडासाठी, ही घटना युद्धशास्त्राच्या ग्रंथांत सापडणार नाही.

उच्चाटनाची पहिली मुदत १९९५ ही होती. सध्याची २०३० आहे. रोग्यांची संख्या २०२३ साली जगभरात १४ आणि २०२४ साली १५ एवढी उतरली असता मुदती पुढे का जातात, याचे उत्तर चाड देशात मिळाले. दहा वर्षे रोगी नसल्याचे मानल्या गेलेल्या त्या देशात २०१० साली नारू पुन्हा दिसला, आणि २०१२ पासून तो कुत्र्यांत आढळू लागला. नदीकाठी मासे साफ करून टाकलेली आतडी खाऊन कुत्र्यांना लागण होत असावी, असा शास्त्रज्ञांचा कयास झाला. तेव्हा आतडी पुरावीत, लागण झालेली कुत्री बांधून ठेवावीत, आणि त्यांचीही खबर देणाऱ्यास इनाम मिळावे, असे नवे फर्मान निघाले. इथिओपियात तर वानरांनाही लागण सापडली, आणि त्यांना बांधून ठेवण्याची सोय नाही.

त्यातच सुदानात एप्रिल २०२३ पासून पुन्हा युद्ध पेटले आहे. त्या देशास अद्याप दाखला मिळालेला नाही. ज्या प्रांतांत तपासनीसच जाऊ शकत नाही, तेथील कोरा रकाना रोगी नसल्याचा की शोध न झाल्याचा, हे दाखला देणाऱ्या मंडळास ठरविता येत नाही.