औषधाची सवय नेमकी कुणाला होते?



"माझ्या अंगाला या अँटिबायोटिकची सवय झालीय, आता ते लागूच पडत नाही." हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. पण सवय शरीराला होत नाही. औषधाला दाद देईनासा होतो तो जंतू, आणि जंतू एका अंगातून दुसऱ्या अंगात जातो. म्हणून उगाच एकही गोळी न घेतलेल्या माणसालाही रुग्णालयात शेजारच्या खाटेवरून असा जंतू मिळू शकतो.

आज आपण बोलतोय चेन्नईच्या दक्षिणेला असलेल्या सिरुसेरीतून. इथून जुन्या महाबलीपुरम रस्त्याने शहराकडे निघालं की तारामणी लागतं. तिथे मद्रास विद्यापीठाची मूलभूत वैद्यकशास्त्राची संस्था आहे. या विद्यापीठाचे कार्तिकेयन कुमारसामी, ब्रिटनमधल्या कार्डिफ विद्यापीठाचे टिमोथी वॉल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक शोधनिबंध ऑगस्ट २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एनडीएम-१ नावाचं जनुक असलेले जंतू त्यांना चेन्नईत ४४, हरियाणात २६ आणि ब्रिटनमध्ये ३७ नमुन्यांत सापडले होते. भारत-पाकिस्तानात इतर ठिकाणी आणखी ७३. नावातल्या 'एनडी'चा अर्थ नवी दिल्ली, त्यामुळे आपल्याकडे वाद पेटला तो नावावरून. खरी काळजीची गोष्ट वेगळीच होती.

हे जनुक जंतूला एक विकर तयार करायला लावतं. ते विकर कार्बापेनेम गटाची औषधं निकामी करतं. ही औषधं डॉक्टर गंभीर संसर्गासाठी राखून ठेवतात. शिवाय हे जनुक बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर असतं. प्लाझ्मिड म्हणजे जंतूच्या पेशीतलं डीएनएचं छोटं, सुटं कडं. त्याची नक्कल एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, तोही अगदी वेगळ्या जातीच्या. एकाने किल्लीची नक्कल करून शेजाऱ्याला द्यावी, तसंच हे.

मग हे रुग्णालयातच इतकं का फोफावतं? तिथे अँटिबायोटिक्सचा मारा जास्त असतो. साधे जंतू मरतात आणि दाद न देणाऱ्यांना रान मोकळं मिळतं. सलाइनची सुई, लघवीची नळी, व्हेंटिलेटर यांतून त्यांना शरीरात शिरायला वाट मिळते. आणि एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर त्यांना नेणारं मुख्य वाहन म्हणजे माणसाचे हात. डॉक्टरांचे, नर्सचे आणि भेटायला गेलेल्या आपलेही.

आता थोडा हिशेब करू. एका रुग्णाकडून दोघांना, त्या दोघांकडून चौघांना, असं चालू राहिलं तर दहाव्या फेरीतच १,०२४ नवे रुग्ण होतात. पण एका रुग्णाकडून सरासरी एकापेक्षा कमी जणांना जंतू गेला, तर साखळी हळूहळू आपोआप विझते. त्यासाठी नवं औषध शोधावं लागत नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. तेव्हा रोगजंतूंचा सिद्धांतही मान्य झालेला नव्हता.

दुसरा उपाय औषध जपून वापरण्याचा. २०१२ मध्ये देशातल्या वैद्यकीय संघटनांनी चेन्नईत एकत्र येऊन अँटिबायोटिक्सच्या वापरासाठी राष्ट्रीय धोरण मागितलं. ते 'चेन्नई जाहीरनामा' म्हणून ओळखलं जातं. मार्च २०१४ पासून 'एच-१' यादीतल्या औषधांच्या विक्रीची वेगळी नोंद औषध दुकानदाराला ठेवावी लागते. पाकिटावरची उभी लाल रेघही हेच सांगते: चिठ्ठीशिवाय घेऊ नका.

आपल्या हातात काय आहे? रुग्णाला भेटण्याआधी आणि भेटल्यावर हात स्वच्छ करा. त्याच्या खाटेवर बसू नका. सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते, तिच्यासाठी अँटिबायोटिक मागू नका. मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका, कुणाला देऊही नका. आणि आपल्या माणसाला तपासायला आलेल्यांना नम्रपणे विचारा, "हात धुतलेत ना?" यात कुणाचा अपमान नाही. त्या प्रश्नाने शेजारच्या खाटेवरचा अनोळखी माणूसही वाचू शकतो.